फ्लॉपी डिस्क: माहिती खुणांत नाही, खुणांमधल्या अंतरांत

जुलै २०२४ मध्ये जपानचे तेव्हाचे डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी फ्लॉपी डिस्कविरुद्धची लढाई आपण जिंकल्याचं जाहीर केलं. सरकारदरबारी फ्लॉपीचा वापर गृहीत धरणारे एक हजाराहून जास्त नियम तोवर तिथे लागू होते. बातमीची जगभर चेष्टा झाली. खरं तर हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. बोइंग ७४७-४०० जातीच्या विमानांत दिशादर्शनाची ताजी माहिती दर २८ दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरली जायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या शहरी रेल्वेची नियंत्रण यंत्रणा तर १९९८ पासून सव्वापाच इंची फ्लॉपीवरून सुरू होत आली आहे.

अशा बातम्या आल्या की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. इतकं जुनं माध्यम अजून चालतं कसं? आणि ते चालत असेल, तर आपल्या कपाटातली वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी का उघडत नाही? दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: फ्लॉपीवर नेमकं काय लिहिलेलं असतं. 'शून्य आणि एक' हे पाठ झालेलं उत्तर आहे आणि ते अर्धवट आहे.

डबीच्या आत

साडेतीन इंची फ्लॉपीचा पत्र्याचा सरकता पडदा बाजूला केला की आत तपकिरी-काळी, लवचीक चकती दिसते. ती पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची असते, जाडी एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. तिच्या दोन्ही बाजूंवर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण एका चिकट द्रव्यात कालवून थापलेले असतात. हेच कण माहिती धरून ठेवतात. चकतीच्या वर आणि खाली मऊ कापडाचं अस्तर असतं. चकती फिरताना ते धूळ टिपत राहतं.

चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका सेकंदात पाच. लिहिणारा-वाचणारा छोटा भाग, ज्याला हेड म्हणतात, चकतीला प्रत्यक्ष टेकलेला असतो. म्हणून ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपी ज्यात घालतात ते यंत्र, चकतीला सतत फिरवत नाही. काम असेल तेवढंच फिरवतो आणि थांबतो, नाहीतर घासून घासून लेप उडून जाईल.

ही कल्पना आयबीएमची. १९७१ मध्ये बाहेर आलेली पहिली फ्लॉपी आठ इंची होती, तिच्यात सुमारे ८० किलोबाइट मावायचे आणि ग्राहकाला तिच्यावर काही लिहिताही येत नसे. मोठ्या संगणकांना सुरू होताना लागणाऱ्या आतल्या सूचना भरायच्या, एवढंच तिचं काम होतं. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची ड्राइव्ह आणला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सोनीने साडेतीन इंची, आणि आपल्याला आठवते ती १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी १९८७ पासून रुळली. आकार बदलत गेले, तत्त्व तेच राहिलं. पुढचं सगळं मी या शेवटच्या फ्लॉपीबद्दल सांगतो आहे.

हेडला फक्त बदल कळतो

हेड म्हणजे चुंबकीय पदार्थाचं एक इवलंसं कडं. त्याला एके ठिकाणी केसाहून बारीक फट असते आणि भोवती तारेचे वेढे असतात. तारेतून एका दिशेने वीज सोडली की फटीखालून सरकणारे कण एका दिशेला तोंड करून चुंबकित होतात. विजेची दिशा उलटवली की पुढचे कण विरुद्ध दिशेला. लिहिणं म्हणजे फक्त योग्य क्षणी वीज उलटवणं. लिहिलेल्या भागात रिकामी जागा अशी नसतेच. सगळे कण इकडे तरी तोंड करून असतात, नाहीतर तिकडे.

वाचताना तेच हेड उलटं काम करतं. पण इथे भौतिकशास्त्राचा एक जुना नियम आडवा येतो. चुंबकीय क्षेत्र बदलतं तेव्हाच तारेत वीज उमटते. क्षेत्र एकाच दिशेला स्थिर असेल तर हेड गप्प. त्यामुळे खालचे कण कोणत्या दिशेला आहेत हे हेडला सांगताच येत नाही. दिशा आत्ता उलटली, एवढंच ते सांगू शकतं. अशा प्रत्येक उलटण्याला या लेखात आपण पलटी म्हणू.

आता अडचण लक्षात येईल. एका दिशेला 'एक' आणि दुसऱ्या दिशेला 'शून्य' असं सरळ ठरवलं, आणि फाइलमध्ये सलग हजार शून्यं आली, तर हेडखालून लांबच लांब शांतता जाईल. ती हजार शून्यांची की हजार तीनची, हे कळायला काहीच मार्ग उरणार नाही.

डोळे मिटून मोजलेल्या टाळ्या

समजा तुम्ही डोळे मिटून बसला आहात आणि समोरचा माणूस टाळ्या वाजवून तुम्हाला निरोप देतो आहे. ठरलेल्या प्रत्येक मात्रेत टाळी वाजली तर 'एक', नाही वाजली तर 'शून्य'. दोन-तीन मात्रा तो गप्प बसला तर तुम्ही मनातल्या मनात मोजाल. पण पन्नास मात्रा गप्प बसला, तर तुमची लय आणि त्याची लय नक्की सुटणार.

यावर सोपा उपाय असा: प्रत्येक मात्रेच्या सुरुवातीला एक टाळी वाजवायचीच, ती लय सांभाळण्यासाठी. आणि निरोपात 'एक' असेल तर मात्रेच्या मध्यावर आणखी एक. सुरुवातीच्या फ्लॉपींत हेच करत. पण यात निम्म्या टाळ्या नुसत्या लय सांभाळण्यात खर्च होतात, आणि चकतीवर पलट्या एका मर्यादेपलीकडे दाटीवाटीने बसवता येत नाहीत.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की 'एक'ची टाळी स्वतःच लय सांभाळते. तिच्या मागेपुढे वेगळ्या टाळीची गरज नाही. लयीची टाळी फक्त दोन शून्यं शेजारी आली तरच, त्यांच्या बरोबर मधल्या सीमेवर वाजवायची. एवढ्या एका नियमाने त्याच चकतीवर दुप्पट माहिती मावू लागली. फ्लॉपीच्या खोक्यांवर 'डबल डेन्सिटी' असं छापलेलं असायचं, ते या युक्तीमुळे. मला ही युक्ती अख्ख्या फ्लॉपीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. चकती तीच, मोटर तीच, हेड तेच. बदलला तो फक्त नियम.

या नियमाचा परिणाम असा की दोन टाळ्यांमधलं, म्हणजे दोन पलट्यांमधलं अंतर तीनच प्रकारचं असू शकतं. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक 'एक', दोन मायक्रोसेकंदांत हेडखालून जातो. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) त्यामुळे पलट्या एकमेकींपासून २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंदांवर येतात. चौथं अंतर नाही.

एक अक्षर घेऊन पाहू

इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं मोठं अक्षर, 'ए'. संगणकात त्याचा क्रमांक ६५, आणि बिटांत ते ०१०००००१ असं लिहितात. वरचा नियम लावा. पहिल्या 'एक'च्या मध्यावर एक पलटी. मग पाच शून्यं आहेत, त्यांच्यामधल्या चार सीमांवर चार पलट्या. शेवटच्या 'एक'च्या मध्यावर आणखी एक. एकूण सहा. त्यांच्यातली अंतरं क्रमाने ३, २, २, २, ३ मायक्रोसेकंद. (अगदी सुरुवातीच्या शून्याआधी पलटी येईल की नाही, हे मागचं अक्षर कशाने संपलं त्यावर ठरतं.)

चकतीवर 'ए' म्हणून जे काही आहे ते एवढंच: मध्यम, लहान, लहान, लहान, मध्यम. पलट्या सगळ्या सारख्याच असतात. अक्षर त्यांच्यामधल्या वेळेत आहे. सगळ्यांत आतल्या ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या माहितीच्या वर्तुळावर, जिथे घेर सर्वांत लहान, तिथे दोन मायक्रोसेकंदांचं हे अंतर जागेच्या मापात सुमारे दीड मायक्रोमीटर भरतं, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दीड हजारांश.

मोटर कधी किंचित जोरात फिरते, कधी किंचित मंद. म्हणून वाचणारं सर्किट आपली लय सतत येणाऱ्या पलट्यांशी जुळवून घेत राहतं. त्यातही एक खोड आहे. दोन पलट्या फार जवळ आल्या की वाचताना त्या एकमेकींपासून थोड्या दूर सरकल्यासारख्या भासतात. म्हणून लिहितानाच काही पलट्या मुद्दाम सेकंदाचा अतिसूक्ष्म अंश आधी किंवा उशिरा लिहितात, म्हणजे वाचताना त्या बरोबर जागी येतील.

कोरी फ्लॉपी आणि फॉरमॅट

चकतीच्या प्रत्येक बाजूवर एकात एक अशी ८० वर्तुळं कल्पिलेली असतात. हे ट्रॅक. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी ही एकच वळत गेलेली रेघ नसते, प्रत्येक वर्तुळ स्वतंत्र असतं. हेडला एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर नेणारी मोटर ठरावीक टप्प्यांनीच हलते. ड्राइव्हचा तो ओळखीचा कुरकुर आवाज त्या टप्प्यांचा. दोन शेजारी ट्रॅकांत १८७.५ मायक्रोमीटरचं अंतर असतं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पाचाहून थोडे जास्त ट्रॅक.

प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे, प्रत्येकात ५१२ बाइट. हे सेक्टर. (आठ बिटांचा एक बाइट.) पण कारखान्यातून आलेल्या अगदी कोऱ्या चकतीवर हे तुकडे नसतात. ते आखण्याला फॉरमॅट करणं म्हणतात आणि ते आखणंही पलट्यांनीच होतं. प्रत्येक सेक्टरच्या आधी त्याचा पत्ता लिहिला जातो: कितवा ट्रॅक, कोणती बाजू, कितवा सेक्टर. त्याआधी एक खास खूण असते, जिच्यात नियमाप्रमाणे यायला हवी ती लयीची एक पलटी जाणूनबुजून गाळलेली असते. साध्या माहितीत असा नियमभंग कधीच होत नाही. म्हणून तो दिसताच वाचणाऱ्याला कळतं की आता पत्ता किंवा माहिती सुरू होते आहे. चूक वापरून खूण केली, असं म्हणा हवं तर.

आता हिशेब. एका फेरीला २०० मिलीसेकंद लागतात. दोन मायक्रोसेकंदाला एक बिट या हिशेबाने एका ट्रॅकवर एक लाख बिट, म्हणजे १२,५०० बाइट बसतात. १६० ट्रॅकांवर मिळून बरोबर २० लाख. पण वापरायला मिळतात ८० × २ × १८ × ५१२, म्हणजे १४,७४,५६० बाइट. उरलेले सव्वापाच लाख बाइट पत्ते, खुणा, तपासणीचे आकडे आणि सेक्टरांमधल्या मोकळ्या पट्ट्या खाऊन टाकतात. म्हणूनच काही खोक्यांवर 'फॉरमॅट न करता २ मेगाबाइट' असं छापलेलं असे. ती फसवणूक नव्हती.

मोकळ्या पट्ट्या कशाला? एकच सेक्टर नव्याने लिहायचा असेल आणि त्या दिवशी मोटर अंशभर मंद असेल, तर लिखाण शेजारच्या पत्त्यावर चढेल. ती जागा त्यासाठी राखीव. कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकात पूर्ण ट्रॅक एकदम लिहीत, त्यामुळे या पट्ट्यांची फारशी गरज उरली नाही. पीसी जिथे ७२० किलोबाइट लिहायचा, तिथे त्याच फ्लॉपीवर अमिगा ८८० लिहायचा.

आणि '१.४४' हा आकडा? मेगाबाइट म्हणजे दहा लाख धरले तर उत्तर १.४७ येतं. १०२४ च्या पटीत मोजलं तर १.४१. १.४४ दोन्ही पद्धतींत येत नाही. तो १४४० किलोबाइटवरून आला, जिथे किलो १०२४ चा होता आणि मेगा करताना १००० ने भागलं. अख्ख्या उद्योगाने ही खिचडी वर्षानुवर्षं खोक्यांवर छापली.

ड्राइव्हला काहीच कळत नाही

बहुतेकांचा समज असतो की ड्राइव्ह फाइल वाचतो. तसं नाही. जुन्या पीसीतल्या ड्राइव्हला ३४ तारांची पट्टी जोडलेली असे. तिच्यावरून जे जातं ते अगदी साधं असतं: मोटर चालू कर, एक पाऊल आत जा, एक पाऊल बाहेर ये, खालची बाजू घे. आणि उलट दिशेने: आत्ता पलटी झाली, आत्ता झाली, आत्ता झाली. बिट काय, सेक्टर काय, फाइल काय, ड्राइव्हला पत्ताच नाही. पलट्यांमधली वेळ मोजून बिट बनवणं आणि सेक्टरचा पत्ता ताडून पाहणं हे संगणकातल्या कंट्रोलर नावाच्या चिपचं काम. फाइल म्हणजे काय, ते त्याच्याही वर ऑपरेटिंग सिस्टीमला ठाऊक.

हेड नेमकं कुठे आहे हेही ड्राइव्हला सुरुवातीला माहीत नसतं. म्हणून संगणक सुरू होताच तो हेड सगळ्यांत बाहेरच्या, शून्य क्रमांकाच्या ट्रॅकपर्यंत मागे आणतो आणि तिथून पावलं मोजायला लागतो. ॲपलच्या १९७८ सालच्या 'डिस्क टू' ड्राइव्हमध्ये तर शून्यावर पोहोचल्याचं सांगणारा सेन्सरही नव्हता. हेड कडेवर धडकेपर्यंत मागे ढकलायचं आणि ते शून्य समजायचं. आवाज घाबरवणारा, पण तो बिघाड नव्हता.

"हार्ड डिस्कही चुंबकीयच ना?"

हो, आणि पलट्यांचं तत्त्वही तेच. फरक शिस्तीचा. हार्ड डिस्कची चकती कडक असते, बंद डब्यात असते, हेड तिला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि ती चकती आयुष्यभर त्याच एका हेडशी बांधलेली असते. फ्लॉपी मात्र कुणीही लिहावी आणि कुणीही वाचावी अशी. एका ड्राइव्हचं हेड किंचित डावीकडे बसलेलं असेल, दुसऱ्याचं उजवीकडे, आणि तरी वाचता यायला हवं. म्हणून ट्रॅक रुंद ठेवले, अंतरं मोठी ठेवली, क्षमता कमी राहिली. फ्लॉपी मागास होती असं म्हणणाऱ्यांनी हा भाग सहसा विचारात घेतलेला नसतो.

त्यातूनही घोटाळे व्हायचेच. सव्वापाच इंचीत ४० ट्रॅकांचा ३६० किलोबाइटचा ड्राइव्ह होता आणि ८० ट्रॅकांचा १.२ मेगाबाइटचा. दुसऱ्याचं हेड अरुंद. आधी ३६० च्या ड्राइव्हमध्ये लिहिलेल्या फ्लॉपीवर १.२ च्या ड्राइव्हने नवी माहिती लिहिली, की जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध नवी बारीक पट्टी पडायची आणि दोन्ही कडांना जुनं लिखाण तसंच राहायचं. लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये फाइल झकास उघडायची. ३६० च्या ड्राइव्हचं रुंद हेड मात्र नवं आणि जुनं एकदमच ऐकायचं आणि गोंधळायचं.

पुसलेली फाइल जाते कुठे?

कुठेही नाही. पीसीच्या फ्लॉपीवर सुरुवातीचे ३३ सेक्टर फायलींसाठी नसतात, व्यवस्थेसाठी असतात. त्यात फायलींच्या नावांची यादी असते आणि कोणती फाइल कोणकोणत्या सेक्टरांत विखुरली आहे याचा तक्ता. तो तक्ता इतका महत्त्वाचा की त्याच्या दोन प्रती ठेवतात. फाइल पुसा म्हटलं की यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण टाकली जाते आणि तक्त्यात तिचे सेक्टर मोकळे दाखवले जातात. फाइलचा मजकूर जागचा हलत नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जुन्या फ्लॉपींतून पुसलेली पत्रं परत मिळतात ती यामुळे. आणि खासगी कागद असलेली फ्लॉपी नुसत्या फाइली पुसून दुसऱ्याला देऊ नये, तेही यामुळेच.

"चुंबक जवळ नेलं की सगळं जातं?"

टेकवलं तर जाऊ शकतं. हातभर लांब ठेवलं तर नाही. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, आणि या फ्लॉपीवरचे कण उलटवायला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारपटींहून जास्त जोर लागतो. क्ष-किरणांनी तर काहीच होत नाही, ते चुंबकन करत नाहीत.

फ्लॉपी बहुतेक वेळा मरते ती वेगळ्याच कारणांनी. कण धरून ठेवणारं चिकट द्रव्य दमट हवेत सैल पडतं. चकतीवर बुरशी धरते. मग हेड टेकलं की लेप खरवडून निघतो, हेडला चिकटतो, आणि तेच हेड पुढच्या फ्लॉपीलाही ओरबाडतं. दोन चांगल्या फ्लॉपी वाया गेल्यावर लोक म्हणतात, सगळ्याच खराब निघाल्या. ७२० किलोबाइटच्या फ्लॉपीच्या कोपऱ्यात भोक पाडून तिला १.४४ ची बनवायची युक्तीही एके काळी फार चालली. भोकामुळे ड्राइव्ह फसायचा. लेपातले कण फसायचे नाहीत, आणि लिहिलेलं भरवशाचं राहायचं नाही.

शिवाय प्रत्येक सेक्टरच्या शेवटी दोन बाइटांचा तपासणीचा आकडा असतो. तो चूक झाल्याचं सांगतो. ती दुरुस्त करण्याइतकी माहिती त्यात नसते. म्हणून ५१२ बाइटांतला एक बिट जरी बिघडला, तरी संगणक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि अखेर अख्खा सेक्टर वाचता येत नाही म्हणून सोडून देतो.

जुनी फ्लॉपी वाचायची असेल तर

आज बाजारात मिळणारा यूएसबी ड्राइव्ह सोयीचा असतो, पण त्याच्यात कंट्रोलर आतच बसवलेला असतो. तो पलट्या बाहेर देतच नाही. स्वतः बिट बनवतो, आणि पीसीच्या साच्यात बसणारा धड सेक्टर मिळाला तरच पुढे करतो. अमिगाची फ्लॉपी त्याच्यासाठी कोरीच. पीसीच्याच फ्लॉपीवर एखादी पलटी किंचित सरकलेली असली, तरी तो हात वर करतो.

म्हणून संग्रहालयं आणि ग्रंथालयं उलटा रस्ता धरतात. जुना ३४ तारांचा ड्राइव्ह घ्यायचा, त्याला संगणकाच्या यूएसबीशी जोडणारं छोटं सर्किट लावायचं (क्रायोफ्लक्स आणि ग्रीझविझल ही दोन नावं या कामात नेहमी ऐकू येतात), आणि प्रत्येक ट्रॅकवरच्या पलट्यांच्या वेळा जशाच्या तशा नोंदवून घ्यायच्या. अर्थ नंतर लावायचा. एकच ट्रॅक पाच-सहा फेऱ्यांत नोंदवला की एका फेरीत हुकलेली पलटी दुसऱ्या फेरीत सापडते. कोणत्या संगणकाची फ्लॉपी आहे हे आधी ठाऊक असण्याचीही गरज राहत नाही, कारण नोंद पलट्यांची आहे आणि त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

घरी करून पाहायचं असेल तर आधी कोपऱ्यातली सरकती खिटी सरकवून खिडकी उघडी करा. ती उघडी असली की ड्राइव्ह लिहू शकत नाही. पडदा सरकवून चकतीवर पांढरे डाग दिसतात का ते बघा. दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, साफ करून घेणाऱ्या जाणकाराकडे द्या. डाग नसतील तर घाला. आणि संगणकाच्या पडद्यावर 'ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?' असा प्रश्न आला, तर 'नाही' म्हणा. बहुतेक वेळा फ्लॉपी फॉरमॅट केलेली असते, समोरच्या ड्राइव्हला तिची लय सापडलेली नसते, एवढंच.